मुसलमान बांधवांचा कागदावाचूनचा संसार

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखलीच्या कुदळवाडीत सुमारे आठवडाभर यंत्रे लावून जी पाडापाडी केली, तिचा हिशेब पालिकेनेच जाहीर केला आहे. चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त झाली व आठशे एकरांहून अधिक क्षेत्र मोकळे झाले, असा तो हिशेब. त्यात शेडांचा रकाना आहे, एकरांचा रकाना आहे. माणसांचा रकाना नाही. त्या पत्र्यांच्या आडोशाने किती चुली पेटत होत्या, आणि किती बायकांच्या अंगावरचे सोने त्या धंद्यात भांडवल म्हणून घातलेले होते, हे त्या हिशेबावरून कळावयाचे नाही.

कुदळवाडी ही भंगाराची पेठ होती. भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांतून रोज निघणारे लोखंडाचे कीस, पुठ्ठा, प्लॅस्टिक, रिकामे पिंप, मोडक्या लाकडी चौकटी हे सारे येथे येई, निवडले जाई व पुन्हा भट्टीच्या वा कारखान्याच्या वाटेला लागे. मोटारींच्या या नगरीची स्वच्छता ज्यांच्या हातांनी होत होती, त्यांत उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर व व्यापारी बहुसंख्य होते. या धंद्यात आगी लागत, धूर होई, इंद्रायणीचे पाणी बिघडे, हे आम्ही नाकारीत नाही. डिसेंबर २०२४ मधील आग तर सर्वांच्या स्मरणात आहे. अनधिकृत बांधकामाला कायद्याचे संरक्षण मिळावे, असेही आमचे म्हणणे नाही. वकिलीचा व्यवसाय करणाऱ्याने तसे म्हणणे शोभणारही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. एका जागेवर वर्षानुवर्षे धंदा करणाऱ्या, वीजबिल भरणाऱ्या आणि जागेचे भाडे वेळेवर चुकविणाऱ्या माणसाजवळ ती जागा गेल्यानंतर दाखवावयास एकही कागद का नसावा?

यातील बहुतेक शेड खासगी जमिनीवर होती. मूळ मालक वेगळा, शेड बांधणारा वेगळा, त्यात धंदा करणारा तिसरा, आणि माळ्यावर झोपणारा मजूर चौथा, अशी ती उतरंड असे. पहिल्या तिघांत जो काही करार होई तो मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढे. सामान्य माणसाला नोटरीचा शिक्का म्हणजे सरकारचा शिक्का वाटतो. वस्तुतः नोटरी सही कोणाची एवढेच साक्षांकित करतो. त्या शिक्क्याने हक्क निर्माण होत नाही. राहत्या खोलीचा व गाळ्याचा भाडेकरार लेखी असावा व तो नोंदविला जावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते. ही जबाबदारी त्या कलमाने मालकावर टाकलेली आहे, भाडेकरूवर नव्हे. आणि ती न पाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. मोकळ्या जमिनीचा पट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल, तर नोंदणी कायद्याचे कलम १७ लागू होते. कायदा असा स्पष्ट आहे. तथापि नोंदणी केली म्हणजे उत्पन्न दिसते, उत्पन्न दिसले म्हणजे कर द्यावा लागतो, आणि शेडच अनधिकृत असेल तर ते बांधल्याची कबुलीही दिल्यासारखे होते. यास्तव मालकाला नोंदणी नको असते, व परप्रांतातून आलेल्या, जागा मिळणेच मुश्कील झालेल्या मुसलमान भाडेकरूला ती मागण्याचे धैर्य नसते. भाडे रोख, पावती नाही, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालतो.

याचा परिणाम काय होतो, तो पाहावा. विकास आराखड्यातील रस्त्यासाठी जमीन पालिकेच्या ताब्यात जाते तेव्हा जमिनीच्या मालकाला मोबदला वा हस्तांतरणीय विकासहक्क मिळतो. ज्याने त्याच जमिनीवर दहा-पंधरा वर्षे भाडे मोजले त्याच्या वाट्याला नोटीस येते, आणि नोटिशीवर पुष्कळदा त्याचे नावही नसते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडापाडीसंबंधी देशभर लागू होणारे निर्देश दिले: पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसह आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस. सार्वजनिक रस्ते, नदीपात्र अशा जागांवरील बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. खासगी जमिनीवरील बांधकामांना आहेत. परंतु म्हणणे मांडावयाचे तर आपण कोण, हे आधी सिद्ध करावे लागते. ज्याच्याजवळ करार नाही, पावती नाही, त्याने सुनावणीच्या टेबलासमोर काय ठेवावे?

त्याच चिखलीत १७ मे २०२५ रोजी इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश होता व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या बंगलेवाल्यांचे नुकसान लहान नव्हते, आणि पालिका केवळ गरिबांवर हत्यार चालविते असे कोणास म्हणता येऊ नये, म्हणून हा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. मात्र दोन्ही प्रकारांत एक फरक आहे. बंगलेवाल्याजवळ खरेदीखत आहे, त्यावर विकणाऱ्याचे नाव आहे, त्या नावावर दावा लावता येतो. कुदळवाडीच्या भंगारवाल्याने दावा लावावा तो कोणावर?

काही पुढाऱ्यांनी या वस्तीत बांगलादेशी व रोहिंगे राहतात, असा पुकारा केला. परकीय नागरिक बेकायदा राहत असेल, तर त्याला पकडून न्यायालयापुढे उभे करण्यास कायदा समर्थ आहे. पण ज्याच्यावर खटला नाही, आरोपपत्र नाही, अशा हजारो माणसांना एकच विशेषण लावून मोकळे होणे हा न्याय नव्हे. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना हे विशेषणांचे राजकारण नव्याने शिकविण्याची गरज नाही.

येथे आमचे काही वाचक विचारतील की, बौद्धांच्या पाक्षिकाने मुसलमानांच्या संसाराची एवढी चर्चा कशासाठी करावी? आम्हांला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते. भंगार व कचरा वेचणाऱ्या पुण्यातील भगिनींत आमच्याच समाजाच्या किती आहेत, हे कोणास सांगावयास नको. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पुणे महापालिकेने या वेचक स्त्रियांची ओळखपत्रे मान्य केली. हातात गोणी असलेली बाई चोर नव्हे, ती कामगार आहे, हे सांगणारा तो हातभर कागदही नव्हता. बोटभर कार्ड होते. त्या कार्डाच्या बळावर पुढे विम्याची व इतर सवलतींची मागणी करता आली. मग भंगाराच्या साखळीतील एक कडी ओळखपत्राने माणसांत आली असता तिच्या पुढची कडी बेनाव का राहावी?

दुसरे कारण याहून जवळचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेविली. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी नागपुरास बाबासाहेबांबरोबर ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांना मात्र १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, त्या कागदासाठी झगडावे लागले. त्या आदेशाबाहेर आज कोण आहे? दलित मुसलमान व दलित ख्रिस्ती. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली त्यांच्या बाजूने शिफारस केली. २०२२ च्या ऑक्टोबरात न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. धर्म बदलला म्हणून जात पाठ सोडीत नाही, हे ज्यांनी अनुभवाने जाणले, त्यांनी या प्रश्नावर मौन धरणे आम्हांला तरी सुसंगत वाटत नाही.

जातीच्याच कागदाची आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा मुसलमान जाती आहेत. यादीत नाव असणे निराळे व हातात दाखला असणे निराळे. इतर मागासवर्गीय म्हणून दाखला हवा, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. शिक्षकाने त्या काळी जे सहज लिहिले, त्याने आज नातवाचे अभियांत्रिकीचे दार बंद होते. उत्तर प्रदेशातून नंतर आलेल्यास तर हे दार उघडण्याचा प्रश्नच नाही. २०१४ च्या जुलैत राज्य सरकारने मुसलमानांतील मागास घटकांसाठी पाच टक्के जागांचा वटहुकूम काढला होता. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो त्या वेळी थांबविला नाही, आणि तरीही वर्षअखेर सरकारने तो आपल्या हाताने लयास जाऊ दिला.

कारखान्यांतील स्थिती थोडक्यात सांगतो. चाकणच्या ठेकेदारीत मजूर मुसलमान असो, बौद्ध असो वा मराठवाड्यातून आलेला मराठा असो, कागद कोणाजवळच पुरता नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते पत्र किती हातांत पडते, हे पाहण्याचे काम कामगार संघटनांचे आहे. मुसलमान तरुणाची अडचण याहून एक पायरी वरची. खोली भाड्याने घेताना त्याचे नाव विचारले जाते व मग खोली ‘नुकतीच दिली गेली’ असते. म्हणून तो मिळेल तेथे, मिळेल त्या अटीवर, कराराशिवाय राहतो. आणि पत्ता सिद्ध होत नाही म्हणून बँकेत पत निर्माण होत नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नमूद केले होते की, काही बँका मुसलमानबहुल वस्त्या कर्जासाठी नकोशा ठरवितात. अशा स्थितीत माणूस भिशीकडे, नातेवाइकाकडे, नाही तर सावकाराकडे जातो. व्याज निषिद्ध मानणारा भाविक माणूसच शेवटी सर्वांत महाग व्याजाच्या दारी उभा राहतो, ही या व्यवस्थेची क्रूर थट्टा आहे. त्यातच १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावरील वस्तू व सेवा कराची रीत बदलली. नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर कर भरण्याचा भार आता नोंदणीकृत खरेदीदारावर येतो. सबब मोठा खरेदीदार कागदपत्र असलेल्या विक्रेत्याकडे वळतो. ज्याचा करार नाही त्याला धंद्याचा पत्ता दाखविता येत नाही, पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून गिऱ्हाईक नाही.

आता घराच्या आत येऊ. येथे दोष सरकारचा नाही, निदान सर्वस्वी नाही, आणि आमच्या मुसलमान मित्रांस हे ऐकणे कठीण जाईल. इस्लामी कायद्यात विवाह हा करार आहे. हिंदू विवाह संस्कार मानला गेला तेव्हाही मुसलमान स्त्रीचा विवाह करार होता, व करारात अटी घालता येतात. मेहरची रक्कम लिहिता येते. ती मागताक्षणी द्यावयाची की नंतर, हे लिहिता येते. विशिष्ट परिस्थितीत पत्नीला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार पतीने द्यावा, ज्यास तलाक-ए-तफवीज म्हणतात, तोही लिहिता येतो. इतके सामर्थ्य ज्या कागदात आहे तो निकाहनामा या पट्ट्यातील किती सुनांच्या पेटीत सापडेल? तो उर्दूत असतो, मुलगी मराठी शाळेत शिकलेली असते, प्रत सासरी वा काझींच्या वहीत राहते, आणि मेहर ‘रिवाजाप्रमाणे’ इतकी अल्प लिहिली जाते की तिच्यातून एका महिन्याचे खोलीभाडेही भागू नये. याउलट जहेज म्हणून मुलीच्या बापाकडून जे घेतले जाते, त्याला शरीयतचा आधार नाही, पावती तर नाहीच. हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नव्हे. आमच्या घरांतही हुंडा निराळ्या नावाने शिरलेला आहे.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने सर्व धर्मीयांचे विवाह नोंदविणे आवश्यक केले आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांस तेच सांगितले. तरी निकाह नोंदविण्याची घाई कोणास नसते. मग नवरा कामाच्या निमित्ताने दुसऱ्या गावी जातो, पैसे पाठविणे थांबते, तलाकही देत नाही. १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, २००१ चा डॅनियल लतीफी निकाल, २०१७ चा शायराबानो निकाल, २०१९ चा तिहेरी तलाकविरोधी कायदा, एवढ्या लढाया या स्त्रीच्या नावाने लढल्या गेल्या. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, घटस्फोटित मुसलमान स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ प्रमाणे पोटगी मागता येते. ते कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे. १९३९ च्या कायद्याने तर दोन वर्षे निर्वाह न दिल्यास न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळविता येतो. कायदा अपुरा आहे असे म्हणावयास फारशी जागा नाही. परंतु पोटगीच्या अर्जात विवाह सिद्ध करा, असे समोरचा वकील म्हणतो. आणि पतीचे उत्पन्न सिद्ध करा, असेही म्हणतो. विवाहाचा कागद नाही, आणि नवऱ्याच्या भंगाराच्या शेडचा, त्याच्या रोख कमाईचाही नाही. बाहेरचा कागदावाचूनचा धंदा असा घरातील स्त्रीवर उलटतो. तीन वर्षांच्या कैदेची तरतूद करणाऱ्या २०१९ च्या कायद्याने यात भर घातली, असे आमचे मत आहे. नवरा तुरुंगात बसला तर पोटगी कोठून येणार, याचा विचार त्या कायद्याच्या कर्त्यांनी केलेला दिसत नाही.

वारसाहक्काचेही तेच. कुराणाने मुलीला वाटा ठरवून दिला, तोही भावाच्या निम्मा. एवढा वाटा तरी तिला मिळतो काय? जमिनीला भाव आला की बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. कागद नको म्हणणाऱ्या घरात हा एक कागद मात्र अगदी वेळेवर, नोंदणीसह, तयार होतो.

१९४० साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात बाबासाहेबांनी मुसलमान समाजातील पडदा, जातिभेद व सुधारणेविषयीची उदासीनता यांवर कठोर लिहिले. त्या भागाचा आज काही मंडळी मोठ्या आनंदाने उपयोग करतात. पण त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी या उदासीनतेचे कारणही शोधले आहे: बहुसंख्य हिंदूंच्या दडपणाखाली वावरणारा समाज आपले जे जे आहे ते तसेच जपण्याच्या मागे लागतो, चांगले की वाईट हे पाहावयास थांबत नाही. हे कारण सांगणारी पाने मात्र उलटली जातात. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. आणि तरी ती चळवळ समाजात खोल का रुजली नाही, याचे एक उत्तर त्या विवेचनात सापडते. वस्तीवर यंत्र फिरत असता नवऱ्यावर पोटगीचा अर्ज लावणाऱ्या बाईला ‘आत्ताच का? बाहेरच्यांना हसू द्यायचे आहे काय?’ असे शेजारी विचारतात. ती अर्ज मागे ठेवते. पालिकेचे यंत्र पत्रे पाडते, आणि त्याच धक्क्याने तिचे तोंड बंद होते.

यास्तव आमच्या मागण्या दोन्हीकडे आहेत. यापुढे पाडापाडीची नोटीस काढण्यापूर्वी पालिकेने प्रत्यक्ष धंदा करणाऱ्यांची व राहणाऱ्यांची स्वतंत्र यादी करावी, त्यांच्या नावे नोटीस द्यावी, आणि भाड्याचा व्यवहार लपविणाऱ्या मालकांवर कलम ५५ प्रमाणे कारवाई होण्यासाठी ती यादी पोलिसांकडे पाठवावी. मालकास मोबदला वा विकासहक्क देताना भाडेकरूची थकीत अनामत त्यातून वळती करून घ्यावी. भंगाराचा धंदा या पट्ट्यास हवाच आहे. तो बंद झाला तर चाकणचे कारखाने आपला पुठ्ठा व पिंप कोठे टाकणार? तेव्हा औद्योगिक विकास महामंडळाने त्यासाठी आगविरोधी व्यवस्थेसह गाळे बांधून ते नोंदणीकृत कराराने, आधीच्या धंदेवाल्यांस अग्रक्रम देऊन, द्यावेत.

आणि पिंपरी, नेहरूनगर, कासारवाडी, चाकण येथील जमातींच्या पंचांस आमची विनंती आहे. ज्यांना हिशेब येतो, कायदा कळतो, असे आपल्यातील सुशिक्षित तरुण मशिदीच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस बसवावेत. येणाऱ्या प्रत्येकाचा भाडेकरार, नेमणूकपत्र, जातीचा दाखला, उद्यम नोंदणी यांतील काय आहे व काय नाही, हे त्यांनी एका वहीत लिहावे. आमच्या वस्तीतील वकील मंडळी या कामी विनामूल्य येतील, एवढे आश्वासन आम्ही येथे देतो. निकाहनाम्यात तफवीजचे कलम व मेहरची खरी रक्कम लिहिल्याशिवाय, आणि त्याची मराठी प्रत नवरीच्या स्वतःच्या हाती दिल्याशिवाय, काझींनी त्या वहीवर आपली सही करू नये. विवाह निबंधकाकडील अर्ज त्याच दिवशी, पाहुणे जेवावयास बसण्यापूर्वी, भरून घ्यावा. कारण जेवणानंतर साक्षीदार सापडत नाहीत.